आधी कडी, मग धडा

पोरी, नेमणूक झाली, गाव मिळालं, वर्ग मिळाला. आता पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणेल, "मॅडम, मुलींचं तेवढं तुम्ही बघा." शाळेत बाई तू एकटी असलीस तर हे काम न मागता पदरात पडतं. तोंड वाकडं करू नकोस. सांगली-साताऱ्याच्या शाळांतून माझी सगळी नोकरी गेली. मुलींना पाळीविषयी शिकवण्याइतकं उपयोगी काम मी दुसरं केलं असं मला वाटत नाही. डी.एड.ला हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या आधीच्या बाईंनी सांगितलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी सांगितलं होतं. त्या म्हणायच्या, आधी कडी, मग धडा. संडासाच्या दाराला आतून कडी नसेल, तर फळ्यावर गर्भाशयाचं कितीही सुबक चित्र काढ, पोरगी ते चार दिवस घरीच राहणार. बाकी मी जे सांगते ते सगळं या एका बोलातून निघालेलं आहे.

पाचवीतच सांग

बहुतेक मुलींना पाळी अकरा ते चौदाच्या दरम्यान येते. नवव्या-दहाव्या वर्षी येणारी एखादी प्रत्येक शाळेत असते. आपल्या पाठ्यपुस्तकात पाळीचं चक्र सविस्तर येतं ते दहावीला, विज्ञानाच्या दुसऱ्या भागात. तोवर पोरीला पाळी येऊन दोन-चार वर्षं झालेली असतात. आई, चुलतबहीण, मैत्रीण आणि मोबाइल यांच्याकडून तिनं अर्धं बरोबर, अर्धं चूक असं शिकून घेतलेलं असतं. आपल्याला गाठायची आहे ती अजून पाळी न आलेली मुलगी. रक्त पाहिल्यावर "मला काहीतरी मोठा आजार झाला" असं तिला क्षणभरसुद्धा वाटू नये, एवढ्यासाठी ही घाई.

मासिक पाळी स्वच्छता दिन २८ मेला असतो. जगभर २०१४ पासून पाळतात. पण मे महिन्यात आपल्या शाळेला कुलूप असतं. पोरी मामाच्या गावाला. तेव्हा परिपत्रकाचं परिपत्रकाच्या जागी राहू दे, तू आपला दिवस जूनमध्ये धर. शाळा भरली, पुस्तकं वाटून झाली, की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पहिला तास. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा. त्या पाच महिन्यांत कितीतरी पोरी उंचीनं आणि अंगानं बदललेल्या असतात, जूनमध्ये खिदळणाऱ्या नोव्हेंबरात कान देऊन ऐकतात.

संडासात स्वतः उभी राहून बघ

तास घेण्याआधीच्या आठवड्यात मुलींच्या संडासात जा, दार लाव आणि आत थोडा वेळ उभी राहा. आतून कडी लागते का? दार लावल्यावर उजेड राहतो का? पाणी आत आहे की बाहेरच्या टाकीतून बादली भरून पोरांच्या समोरून न्यावी लागते? ओढणी, पिशवी अडकवायला खुंटी आहे का? झाकणाचा डबा आहे का? खिडकीची काच फुटलेली असेल तर मैदानावरून आतलं दिसतं का? हे सगळं कागदावर उतरव. किल्ली कुणाकडे असते तेही बघ. मुख्याध्यापकांच्या टेबलावर असली की मुलगी मागत नाही, घंटा होईपर्यंत पाय आवळून बसते.

"पैसे नाहीत" असं ऐकशील. तेव्हा शांतपणे तीन गोष्टी काढ. एक, समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान येतं, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. कडी, बल्ब, डबा, बादली एवढं त्यात सहज बसतं. दोन, पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतीला दिलेल्या निधीतला साठ टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. शाळेच्या संडासाला नळ द्यायला सरपंचांनी का नाही म्हणावं? तीन, शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्यानं निम्म्या बाया असतात. त्या बैठकीत सही करून जातात, कारण त्यांच्या मतलबाचं कुणी बोलत नाही. तू त्यांना बैठकीआधी संडास दाखवून आण. बैठकीत काय बोलायचं ते मग त्यांना सांगावं लागत नाही.

आणि गावातला एखादा जुना पुढारी कुरकुरला, तर तासगावच्या आर. आर. आबांची आठवण करून दे. ग्रामविकासमंत्री असताना त्यांनी गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, तेव्हा याच माणसांनी हातात खराटे घेतले होते.

पहिल्या तासाचा क्रम

पहिला तास मुलींचा वेगळा घे. दार लोटून घे, पण सगळ्या खिडक्या लावून अंधार करू नकोस. तेवढ्यानंच बाहेरच्या पोरांना वाटतं, आत काहीतरी चोरटं चाललंय.

शरीरशास्त्रानं सुरुवात करू नकोस. समोरच्या पोरीच्या मनातला पहिला प्रश्न असतो, "आत्ता इथं झालं तर?" त्याचं उत्तर आधी दे: कुणाला सांगायचं, पिशवी कुठं आहे, संडास कुठला, डाग पडला तर काय. मग पॅड हातात घे आणि खऱ्या निकरवर लावून दाखव. कुठली बाजू वर, चिकटपट्टी कुठं, पंख कसे दुमडायचे. प्रत्येकीच्या हातात एकेक जाऊ दे. जाहिरातीत निळं पाणी ओततात, तू कुंकवाचं लाल पाणी ओत. पॅड किती शोषतो ते दिसतं आणि लाल रंगाची दचकही तिथंच जाते. एका पाळीत रक्त जातं ते साधारण तीस-चाळीस मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. "अंगातलं सगळं रक्त निघून जातं" ही भीती एका चमच्यानं मोजून घालवता येते.

त्यानंतर कारण सांग. दर महिन्याला गर्भाशय आतून मऊ अस्तर तयार करतं. पाहुणा येणार म्हणून आपण अंथरूण घालून ठेवतो आणि पाहुणा आला नाही की गुंडाळतो, तसं ते अस्तर सुटून बाहेर पडतं. ते साठलेलं घाण रक्त नसतं. हे दोनदा सांग, कारण घरी तिनं उलट ऐकलेलं असतं.

शेवटी मोजायला शिकव. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं हे अंतर एकवीसपासून पंचेचाळीस दिवसांपर्यंत काहीही असू शकतं, आणि रक्तस्राव दोन ते सात दिवस. घरच्या कालनिर्णयवर खूण करायला लाज वाटत असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर टिंब काढायचं. हे टिंब पुढं डॉक्टरांपुढं कामाला येतं.

प्रश्नांसाठी एक डबा ठेव, झाकणाला चीर पाड. प्रत्येकीनं चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसेल तर कोरी. म्हणजे कुणाला प्रश्न पडलाय हे कुणाला कळत नाही. प्रश्न कोणते येतील ते आत्ताच सांगते. पाळीत लोणच्याला हात लावला तर नासतं का? लोणचं ओल्या हातानं आणि ओल्या चमच्यानं नासतं, हात कुणाचाही असो. केस धुवायचे का? धुवायचे, रोज अंघोळही करायची. खो-खो खेळायचं का, सायकल चालवायची का? अंगात बळ असेल तर दोन्ही. पांढरं जातं ते काय? थोडं जाणं नेहमीचं. खाज सुटली, वास आला, रंग बदलला तर दवाखाना. "मूल कसं राहतं?" अशी चिठ्ठीही येईल. चिठ्ठी बाजूला टाकू नकोस. वयाला झेपेल तेवढं खरं सांग.

जत तालुक्यात नेमणूक झाली तर आणखी एक. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत कन्नड बोलतात. मराठीत "समजलं का?" विचारलं की सगळ्या माना हलतात. वरच्या वर्गातली एखादी मुलगी किंवा गावची आशाताई शेजारी उभी कर आणि तेच कन्नडमधून सांगायला लाव. अंगाविषयीची गोष्ट घरच्या भाषेतच पोचते.

कपाटातली पिशवी

पिशवीत काय ठेवशील? काही पॅड, दोन मापांच्या नव्या निकरा, एक गडद परकर किंवा स्कर्ट, जुनी वर्तमानपत्रं, अंघोळीचा साबण, छोटा टॉवेल. पिशवी कुलपात ठेवू नकोस. दोन पोरींनी आगाऊ चार पॅड घरी नेले तर नेले. ज्या घरात पॅडला पैसे नाहीत तिथंच ते गेलेले असतात.

वापराची नोंद ठेव, पण नावांचं रजिस्टर ठेवू नकोस. किती संपले एवढा आकडा पुरे. कधी कोणाला पाळी आली याची यादी शाळेच्या कपाटात राहणं चांगलं नाही.

वर्गात डाग पडला तर मुलीला उठवून पाठ फिरवायला लावू नकोस. बाकीच्यांना मैदानावर पाठव, मग तिच्याजवळ जा. डाग गार पाण्यानंच धुवायचा, गरम पाण्यानं तो पक्का बसतो. आणि तिला एकटीला घरी धाडू नकोस. परकर बदलून ती पुढच्या तासाला बसली, की वर्गाला कळतं की यात विशेष काही नाही.

कपडा असो की पॅड

कपडा वापरणाऱ्या पोरीला कमी लेखू नकोस. तिची आई, आजी त्यावरच वाढल्या. कपडा सुती हवा, गार पाण्यानं आणि साबणानं धुवायचा, आणि उन्हात वाळवायचा. घोटाळा शेवटच्या गोष्टीत होतो. लाजेनं तो दुसऱ्या कपड्याखाली, नाहीतर न्हाणीघराच्या कोपऱ्यात वाळत घालतात, ओलसरच राहतो आणि मग खाज, जखमा. शिराळा, पाटण, महाबळेश्वर भागात पावसाळ्यात ऊन दिसत नाही, तिथं पूर्ण वाळवून वर गरम इस्त्री फिरवायला सांग. पॅड असो की कपडा, चार ते सहा तासांनी बदलायचा, कोरडा वाटला तरी. म्हणजे शाळेच्या वेळेत एकदा बदलावा लागतोच. म्हणून मी कडीचं आधी सांगितलं.

पॅड मिळण्याच्या वाटा माहीत ठेव. २०१८ च्या महिलादिनी राज्यानं अस्मिता योजना आणली. जिल्हा परिषद शाळेतल्या अकरा ते एकोणीस वयाच्या मुलींना तेव्हा आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत मिळायचं, बचतगटांमार्फत. आशाताईंकडे सहाचं पाकीट सहा रुपयांना देण्याची केंद्राची योजना त्याआधीपासूनची. जनऔषधी दुकानात 'सुविधा' पॅड एक रुपयाला एक मिळतो. योजना येतात, पुरवठा अडतो, पुन्हा सुरू होतो. मुलीची पाळी पुरवठ्यासाठी थांबत नाही, तेव्हा एकाच वाटेवर विसंबू नकोस.

वापरलेला पॅड कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात. संडासात टाकला तर टाकी तुंबते, आणि तुंबलेल्या संडासाचा दोष मुलींच्या माथी येतो. शाळेच्या मागं उघड्यावर जाळू नका. त्यात प्लास्टिक असतं, धूर पोरांच्याच नाकात जातो. जाळायचं विजेचं यंत्र कुणी देणगीत दिलं तर आधी विचार, बिल कोण भरणार, राख कोण काढणार, बिघडलं तर कोण येणार. उत्तर नसेल तर देणगीदाराकडून दोन वर्षांचे पॅड माग.

पोरांना सांग, गुरुजींना सांग

मुलींचा तास झाला की त्याच आठवड्यात मुलांचा घे. त्यांना आधी त्यांच्या अंगातले बदल सांग, आवाज, दाढी, मुरुम. मग पाळी. ज्याला स्वतःबद्दल कळतं तो दुसऱ्याला कमी हसतो. घरी बहीण आहे, तिच्यासाठी दुकानातून पाकीट आणता येईल का, असं थेट विचार. दोघं तरी हो म्हणतात.

गुरुजींसाठी नियम एकच: मुलीनं "जाऊ का?" विचारलं तर "जा". कारण विचारायचं नाही, "आत्ताच तर गेली होतीस" म्हणायचं नाही. शाळेत बाई नसेल तिथं गुरुजींनी आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना महिन्यातून एकदा बोलवावं, स्वतः वर्गाबाहेर थांबावं, पण पिशवी भरलेली आहे ना हे स्वतः बघावं. तेवढं पुरुषाला सहज जमतं.

आणि एक गोष्ट काळजावर कोरून ठेव. २०२५ च्या जुलैत ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरला एका शाळेत न्हाणीघरात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींची अंगझडती घेतली गेली. पालक शाळेवर धावून आले, मुख्याध्यापिकेला अटक झाली. डाग दिसला तर बादलीभर पाणी ओतायचं आणि पिशवीत पॅड आहेत का बघायचं. पाळी आहे की नाही याची खात्री करून घेण्याचा अधिकार शाळेत कुणालाही नाही, मुख्याध्यापकांनाही नाही. असं काही घडताना दिसलं तर ते मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीपुढं ने, १०९८ या बालमदतीच्या नंबरला फोन लाव. गप्प राहू नकोस.

आयांशी भांडू नकोस

इथं तुझी खरी परीक्षा. आपल्या भागात मुलगी शहाणी झाली की ओटी भरतात, गोडधोड करतात. पूर्वी मखरात बसवायचे, गाणी म्हणायचे. त्याच घरात पुढच्या महिन्यापासून तिला देवाजवळ जाऊ देत नाहीत, वेगळं अंथरूण देतात. ऋषिपंचमीची कहाणी तर पाळीतल्या शिवाशिवीवरच बेतलेली, भांड्यांना हात लावला म्हणून पुढच्या जन्मी कुत्रीचा जन्म आला, अशी. घरातल्या म्हाताऱ्या बाईनं ती साठ वर्षं ऐकलेली असते. तू एका सभेत ती पुसून टाकायला जाशील तर पोरीला पुढच्या तासाला पाठवणार नाहीत.

माझी रीत अशी. देवाचं त्यांच्यावर सोड. तीन गोष्टींवर मात्र अडून बस: पोरगी सगळ्यांसारखं पोटभर जेवेल, उबदार कोरड्या जागी झोपेल आणि शाळा बुडवणार नाही. यावर सहसा कुणी आजी वाद घालत नाही. या तीन गोष्टी पाळल्या गेल्या की बाकीची शिवाशीव हळूहळू आपोआप ढिली पडते. एखादी माळकरी आजी भेटली तर सोयराबाईंचा विषय काढ. चोखोबांच्या या बायकोनं सातशे वर्षांपूर्वी अभंगातून विचारलं होतं की विटाळावाचून जन्मलेला देह दाखवा कुठं आहे. वारकरी घरात हा दाखला माझ्या-तुझ्या भाषणापेक्षा जड पडतो.

आयांची सभा कधी घ्यायची? बाजाराच्या दिवशी नको, भांगलणीच्या दिवसांत नको. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती शाळेत होते, त्यांचं नायगाव आपल्या साताऱ्याच्याच खंडाळा तालुक्यातलं. भाषणं आटोपती घे आणि आयांना थांबवून घे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, तेव्हा वाणात प्लास्टिकच्या वाटीऐवजी पॅडचं पाकीट द्या म्हणून सुचव. बायका हसतील, आणि घेऊन जातील.

पाळी आली की काही घरांत स्थळांची बोलणी सुरू होतात. "शहाणी झाली, आता कशाला शाळा?" पाळी आली म्हणजे शरीर बाळंतपणाला तयार झालं असं नाही, हे आयांना स्पष्ट सांग. कायद्यानं अठरा पूर्ण हवीत. सातवी-आठवीतली मुलगी सलग गैरहजर राहायला लागली तर घरी जा. लग्नाचा सुगावा लागला तर गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला सांग. तुझं नाव पुढं यायला नको असेल तर १०९८.

ऊसतोडीच्या पोरी

साखर कारखाने सुरू झाले की शिवारात ऊसतोड कामगारांच्या कोपी, म्हणजे झोपड्या, पडतात. बीडकडच्या टोळ्या येतात, आपल्याच जत-आटपाडीकडची माणसंही असतात. त्यांच्या पोरी आपल्या पटावर नसतात, पण आल्या तर दिवाळीनंतरचा तास त्यांच्यासाठीही आहे. कोपीला न्हाणी नसते, संडास नसतो, पाणी दुरून आणायचं. अकरा-बारा वर्षांची पोरगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन असते, आई पहाटेच फडात गेलेली. अशा मुलीला पॅड कुठं टाकायचा हाच प्रश्न मोठा, तेव्हा तिला कागदाच्या पिशव्याही दे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीमुळं खाडा झाला की पैसे कापले जातात, मग पिशवीच नको, असा तो हिशेब. त्या बायकांच्या मुलींना पाळी हा शरीराचा धर्म आहे, दुखणं नाही, हे लहानपणीच कुणीतरी सांगायला हवं. तुला चार महिने मिळतात.

पुराची तयारी

नदीकाठच्या गावात असशील तर जूनच्या तासात हेही घाल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. दोन्ही वेळा माणसं शाळांत, मंगल कार्यालयांत राहिली. मदतीच्या गाडीतून बिस्किटं आणि साड्या येतात. पॅड आणि निकरा नाव घेऊन मागाव्या लागतात. तेव्हा प्रत्येकीनं घरी प्लास्टिकच्या पिशवीत एक जोड कपडे, निकर आणि पॅडचं पाकीट बांधून उंचावर ठेवायचं. शाळा निवारा झाली तर कडीचा संडास आणि एक खोली बायामुलींसाठी पहिल्याच तासाला राखून ठेव, नंतर मिळत नाही.

सोमवारची निळी गोळी

आठवड्याला एक लोहाची निळी गोळी शाळेत देतात. ती चुकवू देऊ नकोस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी निघाल्या. गोळी उपाशीपोटी नको, खिचडीनंतर दे. शौचाला काळी होते, घाबरायचं नाही, हे आधीच सांग, नाहीतर दुसऱ्या सोमवारपासून गोळ्या खिडकीबाहेर सापडतात. जेवणावर लगेच चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेली मटकी, हरभरा, पालेभाजी, बाजरीची भाकरी, आवळा, एवढं आपल्याकडं कुठल्याही घरात असतं. जंताची गोळीही वर्षातून दोनदा चुकवायची नाही.

दवाखाना कधी

दर तास-दोन तासांना पॅड भिजतोय. सात दिवसांपेक्षा जास्त जातंय. तीन महिने पाळीच नाही. पंधरा पूर्ण झाली तरी पहिली पाळी नाही. पोट इतकं दुखतं की दर महिन्याला शाळा बुडते. यातलं काहीही असेल तर आईला बोलाव आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, नाहीतर सांगली-मिरजेचं सिव्हिल. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयात 'मैत्री क्लिनिक' असतं, तिथं मुलीशी वेगळं बोलतात. साध्या दुखण्याला गरम पाण्याची पिशवी आणि थोडं चालणं पुरतं. गोळी डॉक्टरला विचारूनच.

गौरी-गणपती, जत्रा, घरचं लग्न आलं की पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या दुकानातून आणून पोरींना देतात. डॉक्टरला न विचारता त्या देऊ नयेत, असं आयांच्या सभेत स्वच्छ सांग.

काम झालं हे कशावरून ओळखायचं

फोटोवरून नाही. हजेरीपट उघड. सहावी-सातवीच्या मुलींच्या दर महिन्याच्या तीन-चार दिवसांच्या गैरहजेऱ्या कमी झाल्या का बघ. पिशवीतले पॅड संपतायत का बघ. संपत नसतील तर कुणी मागत नाही असा अर्थ, तिथं पुन्हा लक्ष घाल. पुढच्या जूनमध्ये पाचवीला सांगताना सातवीतल्या दोघींना सोबत घे. त्यांचं ऐकून पाचवीतल्या पोरी जे विचारतात, ते तुला-मला कधी विचारणार नाहीत.

आणि बदली तर होणारच. चार्ज देताना डेडस्टॉक रजिस्टर, पोषण आहाराचा हिशेब सगळं देतो आपण. त्याच्याबरोबर एक वही दे: आशाताईंचा नंबर, जनऔषधी दुकान कुठं, कडी बसवणारा सुतार कोण, समितीतल्या कुठल्या बाया बोलत्या आहेत, कुठल्या पोरीच्या घरी लक्ष ठेवायचं. तुझ्या जागी बाईच येतील असं नाही. गुरुजी आले तर त्यांना बसवून सगळं समजावून सांग. लाजले तर लाजू देत, वही मात्र त्यांच्याच हातात दे.